चौदा नियम आणि एक बॅग

परदेश प्रवासाचा विषय निघाला की आपल्या समाजात पारपत्राच्या आधी खाखऱ्यांची चर्चा सुरू होते. किती डबे न्यायचे, कोणाच्या घरी भाजायचे, मेथीचे किती आणि साधे किती, हे ठरल्याशिवाय विमानाच्या तिकिटाकडे कोणी वळत नाही. बाहेरचे लोक याला हसतात. परंतु ज्या घरांत सूर्यास्तानंतर अन्न नाही, कंदमूळ नाही, बासी नाही, त्या घरांना प्रवासाची तयारी ही प्रथम स्वयंपाकघराचीच तयारी असते, आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

यंदा जूनच्या मध्यावर आमची चार घरे मिळून अकरा माणसे स्वित्झर्लंडला निघाली आहेत. वयाने सर्वांत लहान माझी तेरा वर्षांची मुलगी, सर्वांत वडील माझ्या एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई. घरात आम्ही सारे त्यांना ‘बाई’ म्हणतो. आठ दिवस आल्प्समधील वेंगेन गावी राहून पायी डोंगर फिरायचे, दोन दिवस झ्युरिक शहर पाहायचे आणि चातुर्मास बसण्यापूर्वी नाशिकला परतायचे, असा बेत आहे. आपल्याकडे अशा सहली बहुधा महाराजसह निघतात. मोठ्या बसमागून स्वयंपाकाची सामग्री येते आणि डोंगरावरही गरम रोटली मिळते. तो मार्ग आम्ही विचारपूर्वक सोडला. बस जिथे थांबते तिथेच उतरावे लागते आणि आम्हांला तर चालायचे होते. मग स्वयंपाकघरासकट सारा भार आपापल्या खांद्यावर आला.

खांद्यावर हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. वेंगेनला मोटारी जात नाहीत. खाली लाउटरब्रुनेनपर्यंत एक आगगाडी, तिथून दातेरी रुळांची दुसरी, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी आपले सामान आपणच उचलायचे. म्हणून विमान कंपनीची मर्यादा कितीही असो, माणशी एक बॅग अकरा किलोंची आणि पाठीवरची एक पाच किलोंची, त्याहून अधिक नाही, असे यजमानांनी जाहीर केले. त्यासाठी दुकानातील काटा घरी आणला. व्यापाऱ्याच्या घरात वजन डोळ्यांनी ठरत नाही. रिकाम्या बॅगेचा धडा करून मगच माल तोलला जातो. पहिल्या दिवशी अकरापैकी नऊ बॅगा नापास झाल्या. धाकट्या जाऊबाईंची तर धडा वजा जाता साडेएकोणीस किलो भरली, आणि त्यात अजून चपला यायच्या होत्या.

पुतण्याने संगणकावर चौसष्ट वस्तूंची यादी केली होती. बाईंनी ती चष्मा लावून शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, “एवढे कशाला? आपल्याकडे चौदांची यादी तयार आहे.”

रोज सकाळी चौदा नियम धारण्याचा त्यांचा परिपाठ आम्ही सर्वांनीच पाहिलेला आहे, पण ती प्रवासाची यादी आहे हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. वाणह म्हणजे पादत्राणे: आज किती जोड वापरणार? वत्थ म्हणजे वस्त्रे: किती? शयन, म्हणजे अंथरूण-पांघरूण. विलेपन, म्हणजे अंगाला लावायचे. वाहन, दिशि, स्नान, तंबोल. श्रावकाने सकाळी आकडा धरायचा आणि संध्याकाळी तो संक्षेपायचा. उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवावा. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने दूरच्या व्यापारासाठी पाचशे गाड्या आणि जवळच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्या ठेवल्या. पण त्याच बैठकीत दातवणाला ओली ज्येष्ठमधाची काडी एवढीच, स्नानाला आठ घडे पाणी एवढेच, अंग पुसण्याचे वस्त्र एकाच प्रकारचे, असेही सांगून टाकले. पाचशे गाड्यांचा धनी टॉवेलाचा हिशेब देतो, ही गोष्ट मला लहानपणी गमतीची वाटे. काट्याशेजारी बसून आठ टॉवेल बाजूला काढताना ती फार व्यवहारी वाटली.

तर बाईंनी वाणहापासून सुरुवात केली. माणशी दोन जोड: एक चालण्याचे बूट, एक घरातली हलकी चप्पल. बुटांनी मात्र तीन आठवडे घेतले. डोंगरात चालण्याचे चांगले म्हणून जे दाखवतात त्यांतले बरेच चामड्याचे. कापडी दिसणाऱ्या बुटातही टाचेला वा जिभेला चामड्याची पट्टी निघते. ओळखीच्या दुकानदाराकडून आम्ही सात जोड जाकड आणले, प्रत्येकाचे लेबल वाचले, शंका आली तिथे परत केले. जाकिटांचीही तीच कथा. जे सर्वांत हलके आणि सर्वांत उबदार, त्याच्या पोटात बदकांची वा हंसांची पिसे असतात. कृत्रिम तंतूंनी भरलेली जाकिटे मिळतात. वजनाला थोडी जास्त, घडी थोडी मोठी, पण भिजली तरी ऊब टिकवतात, हा त्यांचा गुण पिसांच्या जाकिटात नाही. लोकरीवर मतभेद झाला. मुलीला ती नको होती. बाईंनी महाराजसाहेबांच्या कांबळीकडे बोट दाखवले आणि तो विषय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला. रेशमी मात्र काहीही जाणार नाही.

वत्थाच्या बाबतीत एक सूचना नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आपल्या हवेत सुती कपड्यासारखे सुख नाही, पण थंड डोंगरात तो घाम पिऊन बसतो, लवकर वाळत नाही आणि वारा सुटला की अंग गारठवतो. म्हणून अंगालगत चटकन वाळणारा कपडा, त्यावर उबदार, त्यावर पाऊस-वारा अडवणारा, असे तीन थर पुरतात. आठ दिवसांना आठ पोशाख लागत नाहीत. बाई साडी सोडणार नाहीत हे गृहीत होते. त्यांनी दोन न भिजणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या काढल्या, आत जाड लेगिंग घातले आणि ‘वत्थ चार’ असे वहीत लिहून मोकळ्या झाल्या. विलेपनात सूर्यकिरणांपासून बचावाचे मलम आले, कारण उंचीबरोबर उन्हाची धार वाढते. तंबोलात बडीशेपेची एक लहान डबी. अत्तर कोणीही घेणार नाही.

अन्नाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत, खवा वा पनीर नाही. घरचा डबा आहे, देवाचा प्रसाद आहे, अशा विनंत्या सीमाशुल्काच्या टेबलावर चालत नाहीत. तिथे लोणी विकत घेऊन कढवता येईल असे कोणी सुचवले, पण लोणी महाविगईत. बाईंनी बारा दिवसांसाठी तूप ही विगईच त्यागली. सरकारी नियमाचे त्यांनी पाहता पाहता तप करून टाकले, आणि आमच्या डब्यांचा मात्र तेलावर निभाव लागेल.

थेपले न्यायचे नाहीत, कारण ओलसर पदार्थ दुसऱ्या दिवशी बासी होतो. विमानात खाण्यापुरते तेवढे निघण्याच्या दिवशी होतील. खाखऱ्यांना उन्हाळ्याची कालमर्यादा वीस दिवसांची. प्रवास बारा दिवसांचा, म्हणजे निघण्याआधी फार तर आठ दिवस भाजता येतील; आम्ही चार दिवस आधीचा मुहूर्त धरला आहे. सात किलो खाखरे, तीन किलो कुरमुरे, मुगाची डाळ, पोहे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, सुंठ. तांदूळ, सिमला मिरची, टोमॅटो तिथे मिळतात. सहलीत एक अष्टमी आणि एक चौदस येते, त्या दिवशी डाळ-भात. चटण्या-लोणची मोठ्या बॅगेतच ठेवावीत. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या नियमात ती अडकतात. पॉवर बँकेचे उलट आहे, ती हातातच हवी.

तिथे बाहेर खाताना काय वाचायचे याचीही शाळा घ्यावी लागली. रोश्टी म्हणजे बटाटाच. ग्रुयेरसारखे परंपरागत चीज वासराच्या जठरातील रेनेटने जमवतात, तेव्हा ‘दुधाचेच तर आहे’ म्हणून ते पानात घेऊ नये. त्रिकोणी डब्यातल्या प्रसिद्ध टोब्लेरोनमध्ये मध आणि अंड्याचा पांढरा भाग असतो. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले, तेव्हा दुसरी चॉकलेटे आहेत असे सांगून समजूत घातली. झ्युरिकमध्ये हिल्टल नावाचे शाकाहारी भोजनगृह १८९८ पासून चालू आहे. तिथेही कांदा-लसूण-बटाट्याची चौकशी करावी लागेलच, पण निदान एका भांड्यात मांस शिजत नाही एवढी निश्चिंती. त्याच शहरातल्या रीटबर्ग संग्रहालयात भारतीय शिल्पांचा मोठा संग्रह आहे आणि २०२२-२३ साली तिथे जैन कला व जीवन या विषयावर स्वतंत्र प्रदर्शन भरले होते. शहराच्या दोन दिवसांतला एक अर्धा दिवस आम्ही तिथे ठेवला आहे.

इथवर सारे सुरळीत होते. मग पुतण्याने रोजच्या पायवाटांचा तक्ता छापून आणला. गावांची नावे, अंतरे, उंच्या. बाईंनी तो हातात घेतला आणि विचारले, “हे मीटर आहेत ना? फूट करून दे.”

त्याने करून दिले. लाउटरब्रुनेन सुमारे २,६०० फूट. वेंगेन ४,१८०. म्यूरेन ५,३७४. क्लाइने शायडेक ६,७६२. युंगफ्राउयोखचे स्थानक ११,३३२. बाई उठल्या, कपाटातून एक लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या आणि मधले पान उघडून त्यांनी ती टेबलावर ठेवली. १९९७ साली त्यांनी बारा व्रते घेतली त्या वेळची नोंद होती ती. दिशापरिमाण: चारही दिशांना दहा हजार किलोमीटर, खाली पाचशे फूट, वर पाच हजार फूट, विमानप्रवासाची जयणा.

सहावे व्रत आपण अंतराचे व्रत म्हणून ओळखतो आणि त्याला वर-खाली अशाही दिशा आहेत हे विसरून जातो. त्या वेळी बाईंना शिखरजी, गिरनार, शत्रुंजय एवढेच चढायचे होते. त्यांत उंच पारसनाथचा डोंगर, सुमारे ४,४८० फूट. पाच हजारांत सारी तीर्थे येतात, असा साधा हिशेब होता. मला एकदम अबूची सहल आठवली. सगळे जीपने गुरुशिखरावर गेले आणि बाई देलवाड्याच्या मंदिरात बसून राहिल्या. गुडघा दुखत असेल, असे आम्ही धरून चाललो. गुरुशिखर ५,६५० फूट आहे.

त्या संध्याकाळी घरात जे झाले ते लिहिण्यासाठीच खरे तर मी हा लेख घेतला.

पुतण्या हुशार आहे. तो म्हणाला, “दादी, समुद्रसपाटीपासून कशाला मोजायचे? नाशिकच समुद्रापासून दोन हजार फूट उंच आहे. घरापासून पाच हजार धरले तर तुम्हांला सात हजारांपर्यंत जाता येते. क्लाइने शायडेक त्यात बसते.” हिशेब बिनचूक होता. बाई हसल्या. म्हणाल्या, “वहीत लिहिले तेव्हा माझ्या मनात शिखरजी होते. शिखरजीची उंची मी आपल्या ओट्यापासून मोजली होती का? मग आता मोजमाप बदलायचे ते कशासाठी?”

दुसरी सूचना आली की साध्वीजींना विचारून मर्यादा वाढवून घ्यावी. दहा हजार किलोमीटरांपैकी काही कमी करून वरच्या बाजूस घालावेत. स्वित्झर्लंड मुंबईपासून साडेसहा हजार किलोमीटरच आहे, बाकीचे शिल्लक पडून आहेत. व्यापारी मनाला ही तोडजोड किती सहज सुचते! पण सूत्रकारांना आपली मने चांगली ठाऊक होती. एका दिशेचे कमी करून दुसरीकडे वाढवणे, याला क्षेत्रवृद्धी म्हणून त्यांनी अतिचारांत नाव घालून ठेवलेले आहे. बाईंनी तेवढा एक शब्द उच्चारला आणि सूचना तिथेच मिटली.

तिसरी गोष्ट बाई आत गेल्यावर, हलक्या आवाजात बोलली गेली. गाडीत बसल्यावर उंची कुठे कळते? गाडी वर जाते, सगळे उतरतात, दृश्य पाहून परत येतात. तक्ता त्यांना दाखवायलाच नको होता. हे बोलणाऱ्यांच्या मनात बाईंविषयी प्रेमच होते. एवढ्या लांब येऊन त्यांनी खालीच बसावे हे त्यांना सहन होत नव्हते. तरीही ते ऐकताना मला जड गेले. मर्यादेचे विस्मरण होणे हाही त्याच व्रताचा अतिचार आहे, आणि इथे तर ते विस्मरण आम्ही त्यांच्या वतीने घडवून आणणार होतो. यजमान बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “गिऱ्हाईक दुसरीकडे पाहते आहे म्हणून काट्यावर बोट ठेवायचे का?” त्यापुढे कोणी काही बोलले नाही.

सहल रद्द करण्याचे मात्र बाईंनी ऐकून घेतले नाही. मग तक्ता नव्याने मांडला. वेंगेन मर्यादेत आहे, तेव्हा मुक्काम बदलायचे कारण नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीत जवळजवळ तीनशे मीटरांवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा आहे, आणि तिथून दरीच्या तळाने श्टेखेलबेर्गपर्यंतची सपाट वाट आहे. वेंगेनच्या खालच्या कुरणांतून फिरायला वाटा आहेत. मॅनलिखेनची वाट, क्लाइने शायडेक आणि म्यूरेन हे तीन दिवस वरच्या गटाचे. युंगफ्राउयोख आम्ही साऱ्यांनीच वगळले. तिथे गाडी नेते, चालायचे काही उरत नाही, आणि तिकीटही जबर आहे. कोणीही वाटेवर एकटे राहायचे नाही हा नियम असल्याने त्या तीन दिवशी बाईंबरोबर खाली कोण राहील याची पाळी लावली. मुलीने तिन्ही दिवशी आपलेच नाव घातले. बाईंनी दोन खोडले. “तूही वर जा. वरून काय दिसते ते मला सांगायला नीट पाहणारे कोणी तरी हवे,” म्हणाल्या.

चालण्याचा सराव तर पाहण्यासारखा झाला. आठवड्यातून तीनदा चामरलेणी, आणि एक रविवार मांगीतुंगी. तिथली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती पाहून वर मांगीचा सुळका. उंची सुमारे ४,३०० फूट, म्हणजे बाईंच्या मर्यादेत. नवे बूट घालून तरुण मंडळी पायऱ्यांवर ठिकठिकाणी बसत होती. ज्यांनी पन्नाशीत पालिताण्याची नव्वाणू यात्रा अनवाणी केली त्या एकसारख्या चालीने पुढे निघून गेल्या आणि वर आमची वाट पाहत बसल्या. त्या दिवशी पुतण्याने पाठपिशवीतून दोन किलो सामान स्वतःहून कमी केले.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. त्यात डोंगरातील सुटकेचा खर्च धरला आहे की नाही, ते मात्र वेगळे विचारून घ्यावे. तिथल्या हवाई बचावसेवेचा १४१४ हा क्रमांक अकराही फोनांत घातला आहे. पिवळ्या पाट्यांच्या वाटा सर्वांसाठी; पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटेला डोंगराची सवय हवी; निळ्या-पांढऱ्या खुणेकडे आमच्यापैकी कोणी पाहायचेही नाही. पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते आणि तीत विश्रांती धरलेली नसते, हे लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

चौविहाराचा तक्ता बाईंनी स्वतः केला. जूनमध्ये तिथे सूर्य साडेपाचनंतर उगवतो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. कागदावर हे फार सोयीचे दिसते. परंतु दरीच्या भिंती इतक्या उभ्या आहेत की पंचांगातला सूर्यास्त होण्याच्या कितीतरी आधी ऊन डोंगराआड जाते. मग वेळ घड्याळाची धरायची की डोळ्यांची? बाईंनी दोन्ही बाजूला ठेवून सायंकाळी सात ही वेळ लिहिली. नवकारसीला अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवून सकाळचे साडेसहा. उकळलेल्या पाण्यासाठी एक लहान किटली आणि तिच्यासाठी तिथल्या भिंतीत बसेल असा दोन गोल पिनांचा प्लग घेतला आहे. गाळण्याचे कापड त्यांनी पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवले. झ्युरिकमध्ये बाराशेंहून अधिक कारंज्यांना पिण्याजोगे पाणी आहे असे पुतण्याने सांगितले. “चांगले आहे. गाळून, उकळून घेऊ,” त्या म्हणाल्या.

काल पुन्हा काटा मांडला. धडा वजा जाता बाईंची बॅग ६ किलो ८५० ग्रॅम भरली. त्यात ती लाल वहीही आहे. माझी दहा किलोंवर थोडी. जाऊबाई साडेएकोणिसांवरून बारावर आल्या आहेत आणि तिथे अडल्या आहेत. दोन थर्मास न्यावेत की एक, यावर यजमानांचे आणि पुतण्याचे अजून एकमत नाही. खाखरे सोमवारी आमच्याकडे भाजायचे आहेत, चारही घरच्या बायका सकाळी आठला येणार आहेत.